वरच्या मजल्यावर वाय-फाय रडतंय? नवा राउटर घेण्याआधी हे तपासा

खालच्या हॉलमध्ये नेट सुसाट चालतं आणि जिना चढून बेडरूममध्ये गेलं की व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो. राउटर बंद-चालू केला की दोन दिवस बरं जातं, मग पुन्हा तेच. रो-हाऊस असो, बंगला असो की गावाकडचं नवं आरसीसी घर, तक्रार एकच. नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांमध्ये हे काम मी बरीच वर्षं करतोय, त्यावरून ठामपणे सांगतो: अशा घरांत बहुतेक वेळा राउटर चांगला असतो आणि लाइनही चांगली असते. आडवा येतो तो स्लॅब. स्लॅब वायरने ओलांडायचा. हवेतून ओलांडायचा हट्ट धरला की पैसे जातात आणि तक्रार जागच्या जागी राहते.

पण वायर टाकायच्या आधी खात्री करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

लाइन खराब आहे की वाय-फाय?

लॅपटॉप लॅन केबलने थेट मोडेमला (नेटवाल्याने बसवलेला डबा, बहुतेक घरांत राउटरही तोच) जोडा आणि स्पीड तपासा. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर मोडेमपासून चार पावलांवर उभं राहून, ५ गीगाहर्ट्झच्या वाय-फाय नावाला जोडून तपासा (राउटर २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो, दुसऱ्याच्या नावात बहुधा '५ जी' असतं). इथेच प्लॅनच्या निम्मा स्पीड मिळत असेल, किंवा मोडेमवर लाल दिवा लुकलुकत असेल, तर वरच्या मजल्याचा विचार बाजूला ठेवा आणि आधी नेटवाल्याला बोलवा. फायबर कुठेतरी दुमडली असेल किंवा जोड सैल झाला असेल. फायबर काचेची असते. खिडकीच्या फटीत दाबून बसवलेली किंवा खिळ्याला कचकन वळवलेली तार मी कितीतरी घरांत पाहिली आहे.

खाली सगळं ठीक असेल तर लॅपटॉप घेऊन वर जा, कमांड प्रॉम्प्ट (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ping लिहून पुढे पत्ता टाका; उत्तर यायला किती वेळ लागला ते दिसतं. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, मोडेमखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. मग तसंच ८.८.८.८ ला लावा, तो घराबाहेरचा, गुगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. राउटरचं उत्तर दोन-पाच मिलिसेकंदात सलग येत असेल आणि ८.८.८.८ चं अडखळत असेल, तर दोष घराबाहेर आहे. पण राउटरचंच उत्तर कधी ४, कधी १८०, कधी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असं येत असेल, तर गडबड तुमच्या घरातल्या हवेत आहे आणि कंपनीच्या माणसाला फोन करून काही होणार नाही. ही एक चाचणी केली तर निम्मे वाद मिटतात. नेटवाला म्हणतो लाइन ओके आहे, तुम्ही म्हणता नेट चालत नाही, आणि दोघंही खरं बोलत असता.

वर किती सिग्नल पोचतोय?

फोनवरच्या दांड्यांवर जाऊ नका. कुठली कंपनी कितीला तीन दांड्या दाखवते याला काही धरबंध नाही. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर जातीचं एखादं फुकट ॲप घ्या, ते डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, आकडा देतं. आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. राउटरशेजारी उणे ३०-३५ दिसेल. उणे ६५ पर्यंत सगळं नीट चालतं. व्हिडिओ कॉलला उणे ६७ ही साधारण हद्द धरा. उणे ७५ च्या पुढे कुरकूर सुरू होते, आणि उणे ८० ला फोन जोडलेला दिसतो पण काही उघडत नाही. आकडा तीनने खाली गेला म्हणजे शक्ती निम्मी झाली, दहाने खाली गेला म्हणजे एक दशांश राहिली. त्यामुळे उणे ६८ आणि उणे ७८ हे शेजारी-शेजारी वाटले तरी त्यात दहापटीचं अंतर आहे.

आता घरभर फिरा. मोजायचं तिथे, जिथे माणूस खरंच बसतो: पलंगाच्या उशीपाशी, अभ्यासाच्या टेबलावर, दार लावून. खोलीच्या दारात उभं राहून घेतलेला आकडा फसवतो. २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ दोन्हींचे आकडे कागदावर लिहून ठेवा. जिन्याच्या लँडिंगवर आणि जिना संपतो तिथेही मोजा, ते आकडे पुढे उपयोगी पडतील.

साताऱ्याला माझ्या मामेभावाच्या रो-हाऊसमधला कागद असा होता: हॉल उणे ३८, लँडिंग उणे ५६, जिन्याचं वरचं टोक उणे ६३, आणि मागच्या बेडरूममध्ये उशीपाशी उणे ७९. ५ गीगाहर्ट्झचं नाव तर बेडरूममध्ये दिसतच नव्हतं. ही बेडरूम हॉलच्या बरोबर डोक्यावर आहे, राउटरपासून सरळ रेषेत जेमतेम दहा-अकरा फूट. लँडिंग त्याहून लांब, तरी तिथे सिग्नल कितीतरी चांगला. म्हणजे वर जे काही पोचत होतं ते स्लॅबमधून येतच नव्हतं, जिन्यातून वळसा घालून चढत होतं. तुमच्या आकड्यांतही हेच दिसण्याची शक्यता दाट आहे.

स्लॅब एवढा का अडवतो?

घराचा स्लॅब साधारण पाच-सहा इंच जाड. आत सळ्यांची जाळी, दोन सळ्यांत कुठे चार इंच, कुठे सहा. वर बेडिंगचा थर आणि फरशी, खाली गिलावा आणि कुठे कुठे पीओपी. २.४ गीगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ गीगाहर्ट्झची सहा सेंटिमीटरच्या आत. लोखंडाची जाळी काही लहर परत फेकते, उरलेली काँक्रीट गिळतं. ५ गीगाहर्ट्झची लहर काँक्रीटमध्ये जास्त लवकर मरते, म्हणून खाली हॉलमध्ये जो पट्टा सगळ्यात वेगवान, तोच वर आधी गायब होतो. बीमच्या रेषेत आलात तर आणखी वाईट, कारण तिथे काँक्रीटची खोली दीड फुटापर्यंत असते आणि सळ्या जाड. ओल असेल तर शोषण वाढतं. गळक्या संडास-बाथरूमखालचा किंवा नुकताच ओतलेला स्लॅब जास्त अडवतो तो यामुळेच.

जुन्या वाड्यात लाकडी तुळयांचा माळा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे वरपर्यंत सिग्नल बऱ्यापैकी जातो. कोकणात उलटं: माळा लाकडी पण चिऱ्याच्या भिंती जाड, त्यामुळे बाजूची खोलीच आधी मरते. आणि गच्चीवर पत्र्याची खोली असेल तर पत्रा हा लहरींना जवळजवळ बंद दरवाजाच. खाली काहीही करा, त्या खोलीला तिचा स्वतःचा स्रोत लागणार.

खर्च न करता काय होतं?

मोडेम टीव्हीच्या कपाटात, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर, मागे वायरींचा गुंता: बहुतेक घरांत हेच चित्र. त्याला तिथून बाहेर काढा. सहा-सात फूट उंचीवर, मोकळ्या भिंतीवर आणि शक्य तेवढा जिन्याच्या जवळ न्या. जिना ही तुमच्या घरातली स्लॅबमधली सगळ्यात मोठी फट आहे, तिचा फायदा घ्या. शेजारी लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज किंवा माशांची टाकी नको. मायक्रोवेव्हही लांब, तो २.४५ गीगाहर्ट्झच्या आसपास चालतो आणि दूध गरम होईपर्यंत कॉल तुटतो. मोडेम हलवायला फायबर पुरत नसेल तर नेटवाल्याकडून लांब पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना तयार जोड असलेली फायबर) मागा, स्वतः ओढाताण करू नका.

अँटेना सगळ्या उभ्या ठेवायची सवय असते. उभ्या अँटेनाभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो, अँटेना त्याच्या भोकातून उभी. आडव्या दिशेला भरपूर, आणि टोकाच्या दिशेला, म्हणजे थेट डोक्यावर, सगळ्यात कमी. म्हणून निदान एक अँटेना आडवी करा. मोडेमला बाहेर अँटेना दिसत नसतील तर तो आडवा न ठेवता भिंतीवर उभा टांगून मोजा, दोन-तीन दिशांना फिरवून पाहा. जिथे आकडा चांगला तिथे ठेवा.

चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या लेन: २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत न मिसळणारे. ॲपमध्ये शेजाऱ्यांची नावं कुठे गर्दी करून आहेत ते दिसेल, जो मोकळा तो राउटरच्या सेटिंगमध्ये हाताने निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ गीगाहर्ट्झमध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. मधले ५२ पासूनचे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. राउटरला रडारची चाहूल लागली की तो नियमाप्रमाणे चॅनेल सोडतो, आणि '५ जी' चं नाव थोडा वेळ गायब होतं. विमानतळाजवळच्या वस्तीत हे अधूनमधून होत असेल तर कारण हे असू शकतं.

रिस्टार्टने दोन दिवस बरं का वाटतं?

याचं उत्तर माहीत नसल्यामुळेच ही तक्रार वर्षानुवर्षं चालते. चॅनेल 'ऑटो' वर असेल तर बरेच राउटर तो सुरू होताना एकदाच निवडतात. रिस्टार्ट केला तेव्हा जो मोकळा होता, त्यावर दोन दिवसांनी शेजारचे येऊन बसतात. दुसरं, रिस्टार्टमध्ये घरातले सगळे फोन एकदा तुटून नव्याने जोडले जातात आणि काही काळ योग्य पट्ट्यावर असतात. तिसरं, बंद कपाटात तापलेला मोडेम जरा गार होतो. तेव्हा रिस्टार्टच्या आधी आणि नंतर उशीपाशी आकडा मोजा. आकडा तोच राहिला आणि तरी नेट सुधारलं, तर दोष गर्दीचा किंवा उष्णतेचा: चॅनेल कायमचा ठरवा, मोडेम हवेशीर ठेवा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर अपडेट करा. पण मुळात आकडाच उणे ७८ सारखा कमजोर असेल आणि हे सगळं करूनही उणे ७८ च राहत असेल, तर रिस्टार्टचा नाद सोडा. स्लॅब रिस्टार्ट होत नाही.

कशावर पैसे घालू नका

सहा-आठ अँटेनांचा राउटर. दुकानदार 'तीन मजले कव्हर करेल' म्हणतो आणि खरंच वर दांड्या वाढतात. पण वाय-फाय म्हणजे दुतर्फा बोलणं. राउटरचा आवाज वाढवला तरी फोनचा तेवढाच राहतो, कारण फोनची बॅटरी आणि अँटेना छोटी. फोनला राउटर ऐकू येतो, राउटरला फोन ऐकू येत नाही. दांड्या भरलेल्या आणि पान उघडत नाही, याचं हे एक मोठं कारण आहे.

प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर लोक नेमका जिथे नेट नाही त्या खोलीत लावतात. तिथे त्याला स्वतःलाच उणे ७९ मिळतो, तो तेच मरतुकडं नेट पुढे देतो. शिवाय एकाच पट्ट्यावर ऐकायचं आणि बोलायचं असेल तर वेग निम्म्यावर येतो. भाड्याचं घर आहे, भिंतीला हात लावता येत नाही, अशी अडचण असेल तर रिपीटर चालेल, पण दोन्ही पट्ट्यांचा घ्या आणि जिन्याच्या वरच्या टोकाला, जिथे उणे ६० च्या आसपास येतो तिथे लावा. मेश संच (एकमेकांशी बोलून एकच वाय-फाय पसरवणारे दोन-तीन डबे) त्यापेक्षा पुष्कळ चांगला, तीन पट्ट्यांचा असेल तर आणखी चांगला, पण त्याच्याही वरच्या डब्याला जागा जिन्याच्या तोंडाशीच, बेडरूमच्या कोपऱ्यात नाही.

विजेच्या तारांतून नेट नेणारे ॲडॉप्टर मी आपल्याकडच्या घरांत सुचवत नाही. थ्री-फेज मीटर असेल तर खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्या, मधे इनव्हर्टरचं वायरिंग, आणि हे सगळं त्या सिग्नलला मारक.

केबल वर न्या

एक कॅट ६ (लॅन केबलचा एक प्रकार) केबल खालून वर गेली की स्लॅबचा प्रश्नच उरत नाही. केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते, घरात २०-२५ मीटरच्या वर क्वचित लागते.

वाट शोधा. सगळ्यात सोपी वाट म्हणजे जुन्या केबल टीव्हीची किंवा डिशची पाइप. गच्चीवरून हॉलपर्यंत आलेली ती काळी कोॲक्स तार आता कुणी वापरत नसेल, तर तिच्याच टोकाला लॅन केबल टेपने घट्ट बांधा आणि दुसरीकडून सावकाश ओढा. जोड निमुळता करा, नाहीतर बेंडमध्ये अडकतो. पाइप नसेल तर जिन्याच्या कोपऱ्यातून केसिंग-पट्टी. नीट लावली तर भिंतीच्या रंगात मिसळून जाते. विजेच्या पाइपमधून मात्र लॅन केबल नेऊ नका, वायरमन म्हणाला तरी नाही. २३० व्होल्टची तार घासली गेली तर करंट थेट तुमच्या लॅपटॉपपर्यंत येईल.

बाहेरच्या भिंतीवरून न्यायची वेळ आली तर उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची केबल घ्या, आणि खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोल ठेवा म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून आत न येता तिथूनच टपकेल. गच्चीपर्यंत उघड्यावर लांब तांब्याची तार नेणं टाळा. वळवाच्या गडगडाटात जवळपास कुठे वीज पडली तरी त्या तारेतून झटका येऊन दोन्हीकडची पोर्टं जळू शकतात. शेजारच्या वेगळ्या इमारतीत न्यायचं असेल तर फायबरच न्या, तिच्यातून वीज वाहत नाही.

केबल घेताना पूर्ण तांब्याची मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त असते, टोक खरवडलं की आत पांढरं दिसतं. दोन्ही टोकांना क्रिम्पिंगचा, म्हणजे आतल्या तारा प्लगमध्ये दाबून बसवायचा, क्रम एकच: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा लागल्या पाहिजेत. ३०० चा प्लॅन असून वर स्पीड नेमका ९३-९४ वर अडकला, तर एखादी जोडी तुटली आहे किंवा जुन्या राउटरचं पोर्टच १०० चं आहे. आधी टोक पुन्हा क्रिम्प करून बघा.

वरचा राउटर कसा लावायचा?

घरात पडलेला जुना राउटर चालेल. सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (केबलने आलेलं नेट फक्त वाय-फायने पसरवायचं) असेल तर तो निवडला की काम झालं. नसेल तर हाताने करायचं. आधी त्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे खालच्याशी टक्कर नको (खालचा १९२.१६८.०.१ असेल तर १९२.१६८.०.२). मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या फोनांना पत्ते वाटायचं काम, बंद करा; ते खालचा राउटर करतोच. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार खालच्यासारखाच, अक्षर न् अक्षर. चॅनेल मात्र वेगळा: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. आणि खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या लॅन पोर्टात, बाहेरून नेट घ्यायच्या रंगीत वॅन पोर्टात नाही.

डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर एक विचित्र लक्षण दिसतं: घरातले काही फोन चालतात, काहींवर 'कनेक्टेड, पण इंटरनेट नाही', आणि कोणते चालणार ते रोज बदलतं. असं झालं तर दुसरीकडे शोधू नका.

वरच्या राउटरला वीज कुठून मिळते तेही बघा. खालचा मोडेम इनव्हर्टरवर आणि वरचा साध्या बोर्डवर असेल तर लाइट गेली की वरच्यांचं नेट जाणार. छोटा १२ व्होल्टचा राउटर-यूपीएस पुरतो, फक्त ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

तरीही फोन खालच्यालाच चिकटला तर?

कुठल्या राउटरला जोडायचं हे फोन स्वतः ठरवतो, आणि बरेच फोन हातातलं सोडायला तयार नसतात. वर येऊनही तो खालच्या उणे ७७ ला धरून बसतो. वर उभं राहून वाय-फाय बंद-चालू करा. लगेच सुधारलं तर निदान पक्कं झालं. उपाय जरा उलटा वाटेल: खालच्या राउटरची २.४ ची ट्रान्समिट पॉवर 'हाय' वरून 'मीडियम' करा. खालचा वरपर्यंत पोचेनासा झाला की फोन आपोआप वरच्याकडे जातो. मामेभावाकडे शेवटचा अडसर हाच होता. पॉवर उतरवल्यावर त्याच उशीपाशी वरच्या राउटरचा आकडा उणे ४६ आला, आणि त्याच्या मुलीचा क्लास दार लावून चालायला लागला.

दोन मजली (तळ अधिक दोन) घर असेल तर नेटवाल्याला सांगून मोडेमच मधल्या मजल्यावर बसवून घ्या, एका स्लॅबचा प्रश्न तिथेच मिटतो. आणि ज्यांचं बांधकाम सुरू आहे त्यांनी स्लॅब ओतण्याआधी इलेक्ट्रिशियनला सांगावं: खालच्या हॉलपासून प्रत्येक मजल्याच्या जिन्याच्या तोंडाशी, छताजवळ, एक २५ मिलिमीटरची रिकामी पाइप, विजेच्या पाइपपासून वेगळी, आत ओढायला तार सोडून. त्या वेळी तिचा खर्च किरकोळ असतो. नंतर फरशी फोडायला लागते.